पेशकारसाहेबांसाठी गार हवा

मनुष्याने अग्नी वश केला तेव्हा संस्कृतीचा पहिला अध्याय लिहिला गेला आणि त्याने गारवा वश केला तेव्हा शेवटचा. पुण्याहून निघताना मी असे मानत होतो. हा शेवटचा अध्याय मानवतच्या अलीकडे चार किलोमीटरवर, वैशाखातल्या भर दुपारी, एक लांब किंकाळी फोडून बंद पडला.

आधी गाडीविषयी सांगतो. माझे सासरे मुंबईत दातांचे डॉक्टर होते. एका परदेशी वकिलातीने मोडीत काढलेली मोटार त्यांनी हौसेने घेतली आणि त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. तेव्हा तिचे वय वीस होते. तिच्यात एअर कंडिशनर होता. पण तो लावला की गाडी चढ चढत नसे, म्हणून पुण्यात आम्ही घामात आणि प्रतिष्ठेत फिरत असू.

माझी धाकटी बहीण इंदू परभणीजवळ पेडगावला दिलेली आहे. तिच्या मुलीचे, शालिनीचे, लग्न चारठाण्याच्या एका शिक्षकाशी ठरून दोन वर्षे झाली होती आणि दोनदा मोडता मोडता पुढे गेले होते. दोन्ही वेळा कारण एकच, मुलाचे आजोबा. निजामाच्या राज्यात ते तहसिलीत पेशकार (साहेबापुढे कागद ठेवणारे कारकून) होते. राज्य गेले, हुद्दा राहिला. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीही सारा तालुका त्यांना पेशकारसाहेब म्हणत होता. पहिल्या तारखेला ते आजारी पडले. दुसऱ्या तारखेला जीपमधून निघाले आणि जिंतूरला उन्हाने भोवळ येऊन वऱ्हाडासकट माघारी गेले. आता डॉक्टरांनी त्यांना उन्हात काढायला मनाई केली होती. नातवाच्या डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय लग्न होऊ देणार नाही, असे ते म्हणत. आणि ते गेलेच, तर दुखवट्याचे वर्ष पाळल्याशिवाय लग्न होणार नाही, हे कोणी म्हणत नव्हते. पण सगळे मनात दिवस मोजत होते.

अशा कोंडीत इंदू बोलून गेली, "माझ्या दादाकडे गार गाडी आहे." मग मला पत्र आले. "दादा, तुला रजा नाही मिळाली तरी चालेल, गाडी पाठव."

मी गाडीसकट निघालो. नगर, गेवराई, माजलगाव असा रस्ता. पाथरीपासून पुढे भिंतींवर विद्यापीठाच्या नावाचा वाद चुन्याने लिहिलेला होता. एका भिंतीवर नामांतर झालेच पाहिजे, समोरच्या भिंतीवर होता कामा नये, आणि दोन्ही भिंतींच्या सावलीत शेळ्या सारख्याच निवांत बसलेल्या. जमीन काळी, भेगाळलेली, उन्हात तिच्यावर हवा थरथरत होती. मी काचा चढवून एसी लावला आणि विसाव्या शतकाचे मनातल्या मनात आभार मानले. ते मानून होईपर्यंत बॉनेटखाली किंकाळी उठली, रबर जळाल्याचा वास आला आणि पट्टा तुटला. कॉम्प्रेसर आतल्या आत जाम झाला होता. ज्या पट्ट्यावर तो फिरतो त्यावरच इंजिनाला पाणी खेळवणारा पंप फिरतो. गारवा गेला तसे इंजिनही तापले.

अर्ध्या तासाने एक ट्रक थांबला. पश्चिमेकडच्या कारखान्यावर ऊसतोड करून गावी परतणारी चार-पाच कुटुंबे त्यात होती. भांडी, बाजा, दोन करडे आणि एक सायकल यांच्यासकट. एक मिशाळ गृहस्थ खाली उतरले.

"काय झालं, साहेब?"

"गार हवेचं मशीन अडकलं."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "मंग काचा खाली करा की."

पट्टा आणि पंप यांचा संबंध मी समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि वर बसलेल्या बाईला म्हणाले, "वारं खायच्या नादात इंजान घालवलं म्हन." वरून पाच-सहा जणी हसल्या. मग त्यांनी दोर काढला आणि मला मानवतपर्यंत ओढून नेले. मी सुकाणू धरून मागोमाग चाललो होतो. दोन्ही करडे सारा रस्ता माझ्याकडे बघत होती.

मानवतला कापसाचे आणि धान्याचे सगळे काही मिळते. मोटारीच्या एसीचे नाव काढल्यावर लोक बर्फाच्या कारखान्याकडे बोट दाखवत. तिथे युसुफभाई होते, पन्नाशीचे, कोरडे ठणठणीत, बनियनवर. बर्फाची मोठी यंत्रे आणि गावातले नऊ फ्रिज त्यांच्या हाताखाली चालत. त्यांनी कॉम्प्रेसरच्या चाकाला हात लावला, फिरवून पाहिले, हलले नाही.

"अंदरच पकड लिया, साब. हे आता दगड हाय. दुसरा बसवावं लागतं."

"मिळेल कुठे?"

"हैद्राबाद. न्हाई तर बन्सीशेठच्या खुराड्यात."

हे खुराडे म्हणजे माझ्याच गाडीची थोरली बहीण निघाली. बन्सीशेठ कापसाचे व्यापारी. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी हौसेने घेतलेली मोटार आता जिनिंगच्या आवारात, चाकांविना, विटांवर उभी होती. मागच्या सीटवर आठ कोंबड्या अंडी उबवत होत्या. पण बॉनेट वर केले तर आत कॉम्प्रेसर जसाच्या तसा. युसुफभाईंनी चाक बोटाने फिरवले. ते सुळकन फिरले.

एव्हाना एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडलेला निरोप पोचून माझे मेहुणे, इंदूचे यजमान अंबादासराव, पेडगावहून आले होते. त्यांनी पैशांचा विषय काढताच बन्सीशेठ दुखावले.

"पैसा बोलू नका, अंबादासराव. लेकीचं लग्न हाय. मशीन तुमचंच समजा. फक्त नारळाचा मान माझा."

इकडे कोणतेही नवे यंत्र, मग ती विहिरीवरची मोटर असो की पिठाची गिरणी, नारळ फोडल्याशिवाय चालू करत नाहीत. तो नारळ कोणी फोडायचा, यावरून यंत्रापेक्षा जास्त चर्चा होते. अंबादासरावांनी तो मान आधीच सरपंचांना कबूल केला होता. त्यांनी एकदा कॉम्प्रेसरकडे पाहिले, एकदा आकाशाकडे, आणि हो म्हणाले.

दुसरा दिवस युसुफभाईंचा. त्यांनी जुना कॉम्प्रेसर उतरवला, नवा जागेवर धरला, तर बोल्टची भोके जुळेनात. मग लोखंडी पट्टी कापून, भोके पाडून त्यांनी नवी बैठक केली. नळ्यांची तोंडे घासून, डाख देऊन सांधे जोडले. तुटलेल्या पट्ट्याच्या जागी दुसरा चढवला, पंप लावून नळ्यांतली हवा ओढून घेतली आणि शेवटी कारखान्यातल्या फ्रिजच्या गॅसची एक छोटी टाकी आणली.

"हे शेवटचं हाय, साब. दुसरं परभणीत सुद्धा न्हाई."

गॅस भरून प्रत्येक सांध्यावर त्यांनी साबणाचा फेस लावला आणि डोळे बारीक करून बुडबुडा येतो का ते पाहत राहिले. आला नाही. त्या वेळची त्यांची मुद्रा मला मोठ्या विद्वानांच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडलेली नाही.

मानवत ते पेडगाव हा अर्ध्या तासाचा रस्ता आम्ही गारव्यात कापला. अंबादासराव पुढे, बन्सीशेठ आणि युसुफभाई मागे. अंबादासरावांनी गार झोतापुढे तोंड धरले. मग म्हणाले, "दादा, ह्याच्यात माणूस म्हातारा व्हायचा न्हाई." वाटेत ओळखीचे दिसले की ते काचेआडून नमस्कार करत आणि मोठ्याने चौकशी करत. बाहेर काही ऐकू जात नव्हते. त्याने कोणाचे अडले नाही.

मांडवापुढे चाळीस-पन्नास माणसे जमली होती. सनईवाला तयार होता. सरपंच तोंड पाडून, पण पुढच्या रांगेत उभे होते. युसुफभाई म्हणाले, "नारळ बंपरवर फोडा, शेठ. न्हाई तर चाकापुढं दगडावर."

"बंपर त्यांचा," बन्सीशेठ म्हणाले. "मशीन माझं. नारळ मशीनवर."

"शेठ, नक्को. नाजूक काम हाय."

"युसुफ, तू जिनिंगला बैलगाडीच्या आसावर नारळ फोडलेला बघितला न्हाईस का? आस मोडला का?"

या युक्तिवादाला सगळ्यांनी माना डोलावल्या. बॉनेट उघडले गेले. कॉम्प्रेसरला हळद, कुंकू, झेंडूचे फूल. बन्सीशेठांनी नारळ डोक्याच्या वर नेला. मी "अहो" म्हणालो, तेवढ्यात तो खाली आला. नारळ फुटला. आणि त्याच्याबरोबर युसुफभाईंनी दिवसभर खपून डाखलेला सांधाही.

फुस्स असा आवाज झाला आणि बॉनेटखालून पांढरा धूर उसळला. बर्फासारखा गार. पुढच्या दोन रांगांच्या तोंडावर तो आदळला. बायांनी पदर धरले. कोणी म्हणाले, "लय गार." कोणी म्हणाले, "देवा, काय मशीन हाय." सनईवाल्याने सूर धरला. टाळ्या पडल्या. सरपंचही वाजवू लागले. बन्सीशेठांचा उजवा हात मनगटापर्यंत बधिर झाला होता. तो ते प्रत्येकाला लावून दाखवत होते. अर्ध्या मिनिटात आवाज थांबला. साऱ्या जिल्ह्यातला मोटारीचा गारवा पन्नास माणसांना वाटून संपला होता, आणि अशी समान वाटणी मी नंतर कुठल्याही योजनेत पाहिली नाही.

युसुफभाई गाडीला टेकून खाली बसले. मी त्यांच्याजवळ गेलो.

"आणखी गॅस?"

"औरंगाबाद. परवा आला तर आला."

लग्न उद्या होते. मांडवातून येसराच्या आमटीचा (भाजलेल्या धान्यांच्या मसालेदार पिठाची) वास येत राहिला.

शालिनी मागच्या दाराने आली. अंगाला हळद लागलेली, कोपरापर्यंत पिवळी.

"मामा, उद्या किती वाजता निघणार चारठाण्याला?"

"पोरी, गाडीतला गॅस..."

"गेला. कळलं मला. युसुफचाचांचं तोंड बघितलं की."

"मग? शहाऐंशी वर्षांचा माणूस आहे. वाटेत काही झालं तर?"

"झालं तर वर्षभर थांबायचं. न्हाई आणलं तर कधी गार गाडी मिळेल तवापर्यंत थांबायचं." ती जरा जवळ आली. "पण त्यांना खरं सांगा, मामा. फसवून नका आणू. मग ते म्हणतील तसं."

हे सगळे तिने अगदी हळू सांगितले आणि हळद सुकवायला मांडवात जाऊन बसली.

शहाणपणाचा मार्ग एक होता, पहाटे चारला निघायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे. पण मुहूर्त गोरज होता आणि चारठाण्याहून आधीच निरोप आला होता. बाकी वऱ्हाड पहाटेच्या एसटीने येईल. पेशकारसाहेब जेवून एक वाजता निघतील. गार गाडी असताना पहाटे कशाला उठायचे? म्हणजे गाडी गार म्हणूनच तिने भर उन्हात निघायचे होते, आणि ती गार नव्हती.

युसुफभाईंनी रातोरात कारखान्यातून आणवलेली बर्फाची एक लादी गोणपाटात गुंडाळून मागे ठेवून दिली. मी जिंतूरमार्गे चारठाण्याला पोचलो तेव्हा तिचे ओले गोणपाट झाले होते. गावात शिरताना जुनी देवळे लागतात, कोरीव खांबांची. मी पाच मिनिटे एका मंडपात उभा राहिलो. आत सुखद गारवा होता. बांधणाऱ्यांनी त्यात कोणताही पट्टा ठेवलेला नसल्याने तो कित्येक शतके चालू आहे.

पेशकारसाहेब अकरापासून शेरवानी घालून बसले होते. मोठे नाक, बारीक मान, डोक्यावर काळी टोपी, मांडीवर घडी केलेली शाल. डॉक्टर स्वतः आले होते. ते सावलीत उभ्या असलेल्या, इंजिन बंद असलेल्या गाडीत बसले, दार लावले, मिनिटभर डोळे मिटले आणि बाहेर येऊन म्हणाले, "वा. हरकत न्हाई."

मी पेशकारसाहेबांना आत घेऊन जाऊन कानाशी वाकलो. "एक सांगायचं आहे. मशीन बंद आहे. गार हवा येणार नाही."

त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. "किसको मालूम हाय?"

"तिघांना. बाकीच्यांना वाटतं मशीन चालू आहे."

"चवथा मी. बस झालं." मग म्हणाले, "हे तुमी आपल्या मनानं सांगायलाव का पोरीनं सांगायला लावलं?"

"पोरीनं."

"मंग चांगल्या घरची हाय. चला."

"ऊन फार आहे, पेशकारसाहेब."

"दोन साल झाले ऊन हाय म्हणून घरात बसलोय. घरात काय बरफ पडायलाय?"

सगळा गाव निरोप द्यायला उभा होता. काचा बंद. गाडी वेशीबाहेर पडली तशा मी चारही काचा खाली केल्या. वारा भाजत होता, पण वारा होता. मी ओला पंचा त्यांच्या मानेवर ठेवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. एक-दोन कोस गेले असतील, त्यांनी डोळे उघडले.

"चढवा."

"काय?"

"काच. गाव आलं."

गाव म्हणजे फाट्यावरचे एक हॉटेल आणि सात माणसे. काचा चढल्या. पेशकारसाहेबांनी पंचा पायाखाली टाकला, शाल खांद्यावर ओढली आणि सात जणांकडे किंचित मान झुकवली. फाटा मागे पडला. "उतरवा." जिंतूरला "चढवा", जिंतूरबाहेर "उतरवा". बोरीला, झरीला तेच. मधल्या वेळात ते पाणी पीत आणि निजामाच्या कचेरीतल्या गोष्टी सांगत. साहेबाच्या दारावर वाळ्याच्या ताट्या असत, त्यांवर दिवसभर पाणी मारायला एक माणूस असे आणि त्या माणसाला उन्हात बसावे लागे. "एकाला गार, एकाला ताप. हुकूमत म्हणजे दुसरं काय." मग लगेच, "चढवा."

पेडगावच्या अलीकडे रेल्वेचे फाटक बंद मिळाले. समोर बैलगाड्या, शेजारी लग्नाच्या पाहुण्यांनी भरलेला ट्रॅक्टर. गार गाडी आली म्हणताच माणसे उतरून काचांना नाके लावून उभी राहिली. आतमध्ये भट्टी झाली होती. माझा सदरा पाठीला चिकटला. पेशकारसाहेबांचा चेहरा आधी लाल आणि मग मला न आवडणाऱ्या रंगाचा झाला. मी काचेच्या हँडलला हात घातला.

"नको," ते पुटपुटले. ओठ हलू न देता. "लाल फेट्यावाला बघायलाय. चुलत व्याही हाय माझा."

"पेशकारसाहेब, तुमच्या जिवापेक्षा..."

"गाडी येऊ द्या."

मालगाडी आली. ती इतकी लांब होती आणि इतकी सावकाश होती की डबे मोजण्याचा धीर झाला नाही. मी त्यांचे मनगट धरले. नाडी लागत होती, जलद, बारीक. पेशकारसाहेबांनी शाल गळ्याभोवती आवळून घेतली आणि बाहेरच्यांना दिसेल असे एकदा शहारून दाखवले. बाहेर कौतुकाची लाट उसळली. मला शालिनीचे शब्द आठवले आणि मी तिला मनोमन सांगितले की पोरी, मी खरे सांगितले होते, पण खऱ्याने काही फरक पडत नाही.

फाटक उघडले. मी हॉर्न दाबून धरला तो मांडवापर्यंत सोडला नाही.

दार उघडून पेशकारसाहेब खाली उतरले. घामाने शेरवानी काळी पडली होती, दाढीवरून थेंब गळत होते. माणसे क्षणभर गोंधळली. कोणीतरी म्हणाले, "एवढा घाम?"

उत्तर बन्सीशेठांनी दिले. "गार लोट्याला बाहेरून पाणी सुटतं का न्हाई? तसं हाय हे. आतून लय गार झालेत."

सगळ्यांना पटले. युसुफभाईंनी खाली मान घातली. शालिनी ओसरीच्या दारात उभी होती. तिने म्हाताऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. पेशकारसाहेब तिच्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले आणि तिच्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "चल बेटी, आटप. मला बसवत न्हाई लय वेळ."

गोरजावर अक्षता पडल्या. पेशकारसाहेबांच्या अक्षता सर्वांत आधी पडल्या, मंगलाष्टके सुरू होण्याच्याही आधी. भटजी थांबले नाहीत, म्हातारेही थांबले नाहीत. नंतर त्यांनी दोन वाट्या आमटी घेतली आणि लिंबाखाली बाजेवर झोपी गेले. लाल फेट्याचे व्याही गार गाडीविषयी सगळ्यांना सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. चारही काचा उघड्या. गेवराईपर्यंत विचार करत होतो. माणसाला गारवा लागतो तो अंगाला की लोकांच्या नजरेला. आणि अब्रूसाठी उकळत राहणाऱ्या त्या म्हाताऱ्याला हसावे की नमस्कार करावा, याचा निर्णय काही होईना. पुण्यात पोचल्यावरही झाला नाही. मी कॉम्प्रेसर तसाच राहू दिला.

पंधरा दिवसांनी इंदूचे पत्र आले. शालिनी सुखात आहे. पेशकारसाहेब चार दिवस सर्दीने अंथरुणात होते, आता बरे आहेत. डॉक्टरांनी तपासून सांगितले की एसी बाधला, आणि इथून पुढे त्यांना उघड्या जीपमधूनच न्यावे.